गावपळण आणि भाईंचा कोंबडा

तीन-चार वर्षांनी एकदा आचऱ्याच्या देवाचा हुकूम झाला की आचरा गाव आचरा सोडून निघतो. माणसं, गुरं, कुत्री, मांजरं, कोंबड्या, कुणाच्या पिंजऱ्यातला पोपट, जे जे म्हणून श्वास घेतं ते सगळं वेशीबाहेर. तीन रात्री गावात चूल पेटत नाही की दिवा लागत नाही. मग देवाने परतीचा कौल दिला की सगळे माघारी. याला गावपळण म्हणतात. पाहुण्यांना हे सांगताना गावकऱ्यांची छाती फुगते. रात्रभर पाठीखाली खडे टोचतात, ते मात्र कोणी सांगत नाही.

आनंदी सांगायची. तिची जीभ माहेरीच नावाजलेली होती आणि सासरी आल्यावर ती धार कमी व्हावी असं काही तिच्या वाट्याला आलं नव्हतं. सत्त्याऐंशी सालच्या डिसेंबरातल्या गावपळणीत तिने वायंगणीच्या माळावर झावळ्यांची खोप घातली, तीन दगडांची चूल मांडली, आणि आत बाजेवर नवऱ्याला निजवून त्याच्या कपाळावर ओल्या फडक्याची घडी ठेवली.

नवरा म्हणजे गुरुदास मास्तर. हायस्कुलात शास्त्र शिकवायचे. दर गावपळणीला वाडीतली कोंबडी मोजून डालग्यांत भरायचं काम त्यांच्याकडे असे, कारण मोजायचं म्हटलं की बाकीचे अंदाजाने मोजत आणि मास्तर मोजून मोजत. या वेळी त्यांनी ती बाजेवर पडल्या पडल्याच मोजली, उजव्या हाताच्या बोटांवर. डावा हात आता सांगितलेलं ऐकत नव्हता. आधी त्या हातातून डस्टर पडायला लागला, मग सकाळची डोकेदुखी आणि उलट्या सुरू झाल्या. त्याला गावात सगळ्यांनी पित्त ठरवलं आणि कोकमाचं सार पाजून पाजून मास्तरांना जेरीला आणलं. शेवटी एकदा फळ्यासमोरच आकडी आली तेव्हा पित्ताने माघार घेतली. मुंबईला नेऊन डोक्याचे फोटो काढले. मेंदूत गाठ. डॉक्टर म्हणाले, ऑपरेशन करा आणि लवकर करा. इस्पितळातल्या खाटेची तारीखसुद्धा दिली.

ती तारीख येऊन गेली. मास्तर इथेच राहिले, आणि त्याला कारण तालुक्याचं साप्ताहिक.

त्या साप्ताहिकात पहिल्या पानावर, आंब्यावरच्या तुडतुड्याच्या बातमीशेजारी, छापून आलं होतं: ‘मेंदूच्या गाठीवर आचऱ्याच्या सुपुत्राचा विजय’. सुपुत्र म्हणजे सदानंद, मास्तरांचा चुलत भाऊ आणि त्यांचाच विद्यार्थी. मुंबईला प्रयोगशाळेत होता. त्याचा एक निबंध परदेशी मासिकात छापून आला होता. निबंध काय होता ते साप्ताहिकाच्या संपादकाला कळलं नव्हतं, आणि जे आपल्याला कळलेलं नाही तो विजय असला पाहिजे, असं त्याचं प्रामाणिक मत होतं.

मग भाईंनी सूत्रं हाती घेतली. भाई म्हणजे माजी सरपंच. पण माजी हा शब्द त्यांच्यापर्यंत पोचला नव्हता. देवस्थान, वाचनालय, सहकारी सोसायटी, सगळीकडे अध्यक्ष. ते म्हणाले, घरचा वैद्य असताना बाहेरच्याकडून डोकं फोडून घ्यायचं कशाला? सदानंद औषध घेऊन येईल. खात्री म्हणून त्यांनी देवाला कौलही लावला. देवाच्या अंगावर फुलं लावतात, उजवं पडलं तर होय. भाईंनी विचारलं, “मास्तरान सदानंद येयसर थांबाचा, होय ना रे म्हाराजा?” उजवं फूल पडलं.

“असो प्रश्न इचारलो तर देव तरी काय करतलो?” आनंदी तेव्हाच म्हणाली होती. “भाईंक नाय म्हणण्याची सवय देवाकसुद्धा नाय.”

गाव हसला आणि मास्तर थांबले. तिला खरा राग याचा होता. पोरांना प्रयोगाशिवाय काही मानू नका म्हणून सांगणारा माणूस, फुलावर भरवसा ठेवून निजून राहिला. इस्पितळाने दुसरी तारीख दिली, ती गावपळण संपताच होती. तीही चुकली तर डॉक्टर तिसरी देतील, पण डोक्यातली गाठ देईल की नाही हे तिला सांगता येत नव्हतं. तिला एवढंच हवं होतं, सदानंदाने यावं, आपल्याकडे औषध नाही हे स्वतःच्या तोंडाने सांगावं आणि मास्तरांना घेऊन जावं. एका वाक्याचं काम.

पहिल्या रात्रीनंतरची पहाट झाली आणि माळावर एकच गडबड उडाली. रिकाम्या गावातून कोंबडा आरवला.

सबंध माळ उठून बसला. गावात कोंबडा राहिला म्हणजे गावपळण बाटली. आणि आत जाऊन त्याला आणावा तरी कसा, आत तर जायचंच नाही. भाई तणतणत खोपीखोपीतून हिंडले. कोणाचा निष्काळजीपणा, कोणाला देवाचं भय उरलेलं नाही, ज्याचा असेल त्याला देवळात भर सभेत उभा करू. जो तो आपापली डालगी तपासायला लागला. पलीकडच्या खोपीत गनीभाई होते, बंदरावर सुक्या मासळीचा व्यापार करणारे. त्यांनी हात कानामागे धरून दोनदा नीट ऐकलं.

“भाईनू, रागवा नको,” गनीभाई म्हणाले, “पण मधीच घसो बसलेलो असो आराव आमच्या वाडीत एकाच कोंबड्याचो आसा. रोज पाटे माका तोच उठयता.”

तो भाईंचा होता. भाईंनी देवळाच्या दिशेने हात जोडले. मग म्हणाले की देवाची काही योजना असल्याशिवाय अध्यक्षांचा कोंबडा मागे राहायचा नाही, आणि सभेचा विषय तिथेच मिटला. बाजेवरून मास्तर किती तरी दिवसांनी हसले. “तेंची डालगी मी मोजूक नाय ह्या टायमाक,” ते म्हणाले. “तेंनी स्वता मोजलानी.”

सदानंद त्याच दुपारी आला. एसटीतून उतरून माळावर येईपर्यंत त्याच्या गळ्यात तीन हार पडले होते. संध्याकाळी सत्कार होता. बॅटरीवरचा लाऊडस्पीकर गावातून बाहेर काढायला भाई विसरले नव्हते.

बाजेपाशी येऊन तो मास्तरांच्या पाया पडला. त्यांचा डावा हात आपल्या हातात घेऊन त्याने बोटं दाबून पाहिली, सोडून पाहिली, आणि तो हात फार हळू खाली ठेवला. आनंदीने ते पाहिलं. फोटोंचं पाकीट तिने पुढे केलं. एकेक फोटो उजेडाकडे धरून पाहताना त्याच्या गळ्यातले झेंडू हलायचे थांबले होते.

तो पाणी प्यायला म्हणून विहिरीकडे गेला तशी ती भांडी घेऊन मागोमाग गेली.

“सदा, तुझ्याकडे औषध आसा?”

“त्याचं असं आहे वयनी,” तो घसा साफ करून म्हणाला, “पेशींच्या मधल्या जागेत जी प्रथिनं असतात, त्यांचा गाठीच्या वाढीशी...”

“मालवणीत सांग.”

मालवणीत ते एका शब्दाचं निघालं. “नाय.”

“मगे तेंका जावन सांग.”

“सांगतंय. पण सांजेक सत्कार आसा. इतके लोक...” त्याने हाराकडे पाहिलं, जणू हारानेच त्याला बांधून ठेवलं होतं. “सत्कार होवंदे, मगे सांगतंय.”

“तुझो सत्कार होवचो म्हणान माझो घो थांबलो. आता आणि शाल मिळापर्यंत थांबतलो?”

हे त्याला लागलं. आनंदीने लागावं म्हणूनच म्हटलं होतं. नवी नवरी म्हणून ती आली तेव्हा हा शाळेत होता, मास्तरांकडे शिकवणीला यायचा आणि तिच्या हातच्या घावन्यांवर ताव मारून जायचा. तेवढा हक्क तिचा होता.

“वयनी,” तो हळूच म्हणाला, “सांगूक लागलंय तर अर्धा सांगूक येवचा नाय. दादा इचारतले. तेंका मी ओळखतंय. सगळा सांगू?”

“सगळा सांग. एक अक्षर ठेव नको.”

ती तरातरा परत निघाली. विहिरीपाशी तो बराच वेळ उभा राहिला. तिला वाटलं, आपल्या तोंडाची धास्ती घेतली असेल.

सत्काराला सगळा माळ लोटला. दुसरीकडे जायला जागाच नव्हती. मास्तरांनी बाज उचलून पुढे न्यायला लावली आणि उशाला वळकटी घेऊन ते बसले. भाईंनी शाल घातली, नारळ दिला आणि भाषणात सदानंदाच्या हातून मेंदूची गाठ नेस्तनाबूत करून टाकली. बोलता बोलता त्यांनी हायस्कूलला नवीन इमारतही मिळवून दिली.

सदानंद उभा राहिला. सुरुवातीला तो चाचरत होता, पण टाळ्या पडत गेल्या तसा खुलला. माणसाला शाल घातली की तिची ऊब जिभेपर्यंत जाते. मेंदू म्हणजे नुसत्या पेशी नव्हेत, तो म्हणाला. पेशी ही घरं धरली तर घरांच्या मधे पाणंद असते, गडगे असतात, माती असते. ती माती पेशीच तयार करतात, प्रथिनांची. आजवर शास्त्रज्ञ घरंच बघत बसले, आम्ही माती बघतो. गाठीच्या भोवती अशी एक माती सापडते जी चांगल्या मेंदूत जवळजवळ नसते. तिला अलीकडे टेनॅसिन असं नाव पडलं आहे. अशा मातीच्या आधाराने गाठीच्या पेशी हलतात, पुढे सरकतात, असं आता दिसू लागलं आहे.

टेनॅसिन म्हटल्यावर फार मोठ्या टाळ्या पडल्या. नाव औषधासारखं होतं.

“म्हणजे औषध कधी?” भाईंनी बसल्या जागेवरून विचारलं.

आनंदीने सदानंदावर डोळे रोखले. सदानंदाने माईक या हातातून त्या हातात घेतला. “संशोधन चालू आहे,” तो म्हणाला.

संशोधन चालू आहे हे वाक्य ‘एसटी येतेच आहे’ या जातीचं. खोटं कोणाला म्हणता येत नाही, आणि माणूस उभाच राहतो. गाव खूश झाला. आनंदीच्या तोंडाशी आलं होतं ते तिने गिळलं, कारण तेवढ्यात मास्तरांनी हात वर केला होता. उजवा हात, वर्गात पोरं करतात तसा.

हात वर करणाऱ्या मास्तरांना कोणी पाहिलं नव्हतं.

“सदा, एक शंका,” मास्तर म्हणाले. “गाठ डाक्टरान काडली. सगळी काडली असा तो म्हणता. तरी ती परत येता, असा माका मुंबयच्या डाक्टरान सांगलान. सगळी काडली तर परत येता कशी? भाईंच्या कोंबड्यासारख्या काय तरी आत रवता?”

लोक हसले. भाईसुद्धा हसले, नाइलाजाने. सदानंद हसला नाही. त्याने शाल काढली, तिची नीट घडी केली आणि खुर्चीवर ठेवली. माईकही तिथेच ठेवला. बाजेजवळ येऊन तो खाली मातीत बसला, आणि त्यानंतर तो जे बोलला ते मालवणीत बोलला.

“रवता दादा. पण कोंबडो चुकान रवलो, ते पेशी चुकान रवणत नाय. डाक्टर डोळ्यांक दिसता तितकी सगळी गाठ काडतलो. पण तेच्या आधीच थोडे पेशी गाठ सोडून वेशीभायर पडलेले आसतत. आमी हय इलो ना, तसे. बघा हो माळ. दोन दीस झाले, तर चुली झाल्यो, वाटो पडल्यो, विहिरीक जावची पाणंद झाली. गाव थंय रिकामो आणि गाव हय उभो. ते पेशीय वाट चलतत तशी आपली माती करतत. ती माती कसली, इतक्याच आमी बघितलव. ती मोडूची कशी ता माका ठावक नाय. कोणाकच नाय.”

“म्हणजे ऑपरेशन करून परत येतली.”

“येतली.”

“कधी?”

सदानंदाने आनंदीकडे पाहिलं. आता तिला कळलं, विहिरीपाशी तो कशाला उभा राहिला होता. नको म्हणून सांगावं, त्याचं तोंड धरावं, असं तिला वाटलं. पण सगळं सांग म्हणून तिनेच बजावलं होतं, आणि आयुष्यात पहिल्यांदाच कोणी तिचं म्हणणं शब्दशः ऐकलं होतं.

“ऑपरेशन केल्यात, मगे किरणांचो शेक घेतल्यात, तर वर्सभर. एखाद्याक थोडा ज्यास्त.”

“आणि नाय केलंय तर?”

“शिमगो बघूक...” तो थांबला.

मास्तरांनी मान हलवली, उत्तर बरोबर आलं की हलवायचे तशीच. “बस जाग्यार,” ते म्हणाले. भाईंनी आभारप्रदर्शनाचा कागद खिशातून काढला होता. तो त्यांनी परत खिशात घातला. माणूस इतका वाईट नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी आनंदी पेज घेऊन बाजेवर बसली. रात्रभर तिने एकही शब्द काढला नव्हता, आणि शेजारच्या खोपीतल्या बायकांना त्याचीच जास्त काळजी वाटली.

“तुका वाटत होता, मी त्या औषधाक भुललंय,” मास्तर म्हणाले.

“मगे काय म्हणू? देवाचा फूल बघून थांबलात.”

“सदाक पेशी म्हणजे काय ता मीच शिकवलंय गो. तेच्याकडे औषध आसता तर तो शाल घेवक हय येवचो नाय, ता माका कळणा नाय?” त्यांनी पेजेकडे पाहिलं, घेतली नाही. “माका भ्या वाटला. डोक्या उघडून आत हात घालतले, आणि मगे मी मी रवतलंय की नाय, कोणाक ठावक. देव म्हणालो थांब, भाई म्हणालो थांब, माका बरा वाटला. भितंय म्हणान कोणाक सांगाचा लागला नाय.”

आनंदीला रडू आलं नाही. तिला स्वतःचा राग आला. इतके महिने ती या माणसाला मूर्ख म्हणत आली होती. मूर्ख म्हणणं सोपं होतं. तो घाबरला असेल, रात्री तिच्या शेजारी जागा राहून घाबरला असेल, हे एवढ्या हुशार बाईच्या ध्यानात एकदाही आलं नव्हतं.

“आता तू सांग,” ते म्हणाले. “जावया?”

हाच प्रश्न त्यांनी आधी विचारावा म्हणून तिने आकाशपाताळ एक केलं होतं. तेव्हा उत्तर तिच्या ओठांवर होतं. ऑपरेशन म्हणजे बरं होणं, असं तिने धरलं होतं. साप्ताहिकाने जे सदानंदाच्या बाबतीत केलं तेच तिने मुंबईच्या डॉक्टरच्या बाबतीत केलं होतं. औषधाला भुलणाऱ्या गावाला हसता हसता ती स्वतः चाकूला भुलली होती. आता हातात उरलं होतं एक वर्ष, आणि तेही डोकं उघडून मिळणार होतं.

“जावया,” ती म्हणाली.

“एक वर्साक?”

“एक वर्स काय कमी झाला? धाव्वीची पोरां भायर पडतली. तेंका तुमी नाय तर कोण शिकयतलो, भाई?”

तेव्हा कुठे त्यांनी पेजेची वाटी हातात घेतली.

चौथ्या दिवशी देवाने परतीचा कौल दिला. डालगी, गाठोडी, गुरं, पोरं, सगळा माळ गावाच्या दिशेने वाहायला लागला. रस्त्याने उलट्या दिशेला चाललेले तिघेच होते, सदानंदाच्या खांद्यावर हात टाकलेले मास्तर आणि मागे ट्रंक घेतलेली आनंदी. वाटेत जो भेटे तो थांबे. त्या संध्याकाळी सगळ्यांनी सगळं ऐकलं होतं, तरी भाई गर्दीतून ओरडून सांगत होते, “सोडा वाट, मास्तर औषधाक चल्ले मुंबयक.” कोणी त्यांची चूक काढली नाही. आनंदीनेही काढली नाही. गनीभाईंनी आपल्या डालग्यांबरोबर तिचीही उचलली आणि कोंबडी आपल्या अंगणात ठेवतो म्हणून सांगितलं.

एसटीच्या थांब्यावर वडाच्या पारावर मास्तरांना बसवलं. गावाकडून कुत्र्यांचा आणि माणसांचा कालवा ऐकू येत होता आणि त्या सगळ्यात घसा बसलेला एक आरव.

“जिवंत आसा,” मास्तर म्हणाले. “आनंदी, फुडल्या गावपळणीक वाडीतली कोंबडी तू मोज. भाईंचीसुद्धा. अंदाजान नको, एकेक हातात घेवन.”

तिच्याकडे या माणसाच्या प्रत्येक वाक्याला उत्तर असायचं. आताही होतं. तुमची तुम्ही मोजा, असं म्हणायला तिने तोंडही उघडलं. एसटी वळणावर दिसली, सदानंद ट्रंक उचलायला वाकला.

“मोजीन,” ती म्हणाली, आणि त्यांच्या डाव्या बाजूला जाऊन तिने तो निर्जीव हात आपल्या खांद्यावर घेतला.